सहा माणसं, पंधरा लाख आणि कुंभार्ली घाट – एर्टिगा घेऊ का दुसरं काही?

देवरुखकर_चिंचवडी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसताच वाचतोय, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय. घरात आम्ही सहा जण. आईबाबा सत्तरीला टेकलेत, आईचे गुडघे दुखतात, आम्ही दोघं, मुलगी सातवीत आणि मुलगा पाच वर्षांचा. आत्ता जुनी हॅचबॅक आहे, तिच्यात सहा जण म्हणजे धाकटा कुणाच्या तरी मांडीवर, आणि तो आता मांडीवर मावत नाही आणि ते बरोबरही नाही.

रोजचं चिंचवड ते हिंजवडी, ट्रॅफिक तुम्हाला माहितीच आहे. गाडी बायको पण चालवते. गावी गणपती, शिमगा आणि मे महिना, कराडवरून कुंभार्ली उतरून चिपळूण, मग संगमेश्वर आणि देवरुख. येताना तांदूळ, नारळ, आंब्याच्या पेट्या, फणस, जे काय आजी भरेल ते.

ऑनरोड पंधराच्या आत बसवायचंय, अगदीच आवडली तर थोडं वर. मारुतीची सात सीटर एर्टिगा जवळपास ठरलीये पण पेट्रोल, सीएनजी का ऑटोमॅटिक इथे अडलोय, आणि मित्र म्हणतो कियाची कॅरेन्स बघितल्याशिवाय घेऊ नकोस. मेव्हणा म्हणतो सेडान घे, सात सीटर लोक घेतात आणि मागची सीट वर्षभर पाडूनच ठेवतात. ज्यांच्याकडे आहे त्यांनी चांगलं वाईट दोन्ही लिहा, जाहिरात नको.

हिशेबनीस

आधी महिन्याचं रनिंग सांगा मग सीएनजीचं बोलू. तोपर्यंत ढोबळ गणित. पेट्रोल १०४ रुपये धरा, सीएनजी ९२ धरा. कंपनीचे मायलेजचे आकडे पेट्रोल मॅन्युअल २०.५१ आणि सीएनजी २६.११, ते ट्रॅफिकमध्ये विसरा, पेट्रोल १५ आणि सीएनजी २२ धरा. म्हणजे पेट्रोल सात रुपये किलोमीटर, गॅस सव्वाचारच्या आत. फरक पावणेतीन रुपये. सीएनजीला वरचे साधारण पंचाण्णव हजार लागतात, ते वसूल व्हायला ३४-३५ हजार किलोमीटर. महिन्याला हजार चालवत असाल तर जवळजवळ तीन वर्षं. आपल्याकडे सीएनजीचा रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा कमी आहे त्यामुळे थोडं आधी वसूल होईल. दोन हजार चालवत असाल तर डोळे झाकून सीएनजी.

अजून एक, २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला तेव्हा ही गाडी ४५ वरून ४० टक्क्यांत आली. पण ४ मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनच्या गाड्या थेट १८ वर गेल्या. म्हणजे एर्टिगा स्वस्त झाली हे खरं, पण छोटी गाडी आणि एर्टिगा यांच्यातली दरी वाढली. रेनो ट्रायबर त्यात बसते, शिवाय सात सीटा, बजेटमध्ये तर फारच आरामात. बघून तरी या.

टॉर्क_प्रेमी_कोल्हापूर

भावा ट्रायबर नको, ९९९ सीसी आणि ७२ पीएस पॉवर, सहा माणसं आणि फणस घेऊन कुंभार्ली चढणार म्हणतोस, एसी बंद करून माणसं उतरवायची का काय.

डिझेल कॅरेन्स घे विषय संपला. टॉर्कचे म्हणजे ओढीचे आकडे बघ, एर्टिगा पेट्रोल १३६.८ न्यूटन मीटर, सीएनजीवर तीच १२१.५, आणि कॅरेन्स डिझेल २५०. जवळजवळ दुप्पट. पॉवर कागदावर फार लांब नाही, १०३ आणि ११६, पण घाटात पॉवर बघत नाहीत, खालच्या आरपीएमला ओढ किती हे बघतात. एर्टिगाला तिचा टॉर्क ४४०० ला मिळतो म्हणजे इंजिन ओरडल्याशिवाय गाडी जागची हलत नाही भरल्यावर. डिझेल दीड-दोन हजारला तिसऱ्या गियरमध्ये निवांत चढतं, पुढं लाल डबा असला तरी मोकळ्या जागी एका दमात मागं टाकता येतो. माझ्याकडं आहे, आंबा घाट आणि गगनबावडा नेहमीचा रस्ता आहे आमचा, नाद करायचा नाही.

सीएनजीवाला_नाशिक

टॉर्कभाऊंचा मुद्दा बरोबर पण लोक घाबरवतात तेवढं काही नाही. माझी २०२३ ची सीएनजी एर्टिगा, कसारा घाट कायमचा. दुसऱ्या गियरला घ्यायची, घाई करायची नाही, चढते. आणि जोर लागला तर डॅशबोर्डवरचा स्विच दाबून पेट्रोलवर घ्या, पेट्रोल टाकी असतेच की, तेव्हा पॉवर पेट्रोल मॉडेलच्या जवळपास येते. मी घाटाच्या पायथ्यालाच पेट्रोलवर टाकतो आणि वर गेल्यावर परत गॅसवर. डिझेल महाग, त्यावर रोड टॅक्सपण पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त, आणि रोज हिंजवडीला पंधराच्या स्पीडने जायला डिझेल कशाला.

पण धागाकर्ते, सीएनजीचं खरं दुखणं घाट नाहीच, डिकी आहे. तिसरी सीट उभी असताना एर्टिगाची डिकी २०९ लिटर, म्हणजे दोन मध्यम बॅगा आणि वर एखादी पिशवी. त्याच जागेत ६० लिटरची टाकी येते. मग उरतं काय तर टाकीच्या फटीत चपला. सहा माणसं बसली की सामान डोक्यावर, म्हणजे कॅरियर. ते तांदूळ नारळ फणस वर बांधायची तयारी असेल तरच सीएनजी घ्या.

रांगेचं पण सांगतो. शहरात सकाळी लवकर गेलं तर ठीक, सुट्टीच्या आदल्या दिवशी हायवेला पंपावर अर्धा पाऊण तास सहज जातो, वर गॅस भरताना सगळ्यांना खाली उतरवतात, तुमच्या आईंना दर वेळी उतरून चढावं लागेल. प्रेशर कमी असेल तर टाकी पूर्ण भरतच नाही. आणि दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) करावी लागते, ते घेताना कुणी सांगत नाही. एवढं सगळं असून मी परत सीएनजीच घेईन कारण माझं रनिंग तसं आहे.

हलके_घ्या

पांढरी घेऊ नका एवढंच सांगतो. सोसायटीच्या गेटवर वॉचमन रजिस्टर पुढे करतो, लग्नाच्या हॉलबाहेर उभं राहिलं की कुणीतरी मागचं दार उघडून बसतं आणि म्हणतं स्वारगेट. टूरवाल्यांसाठी कंपनी टूर एम म्हणून हीच गाडी विकते त्यामुळे लोकांचा दोष नाही. ह. घ्या.

काकूबाई

वरचे सगळे प्रतिसाद वाचले. सगळे चालवणारे बोलताहेत, मागे बसणारं कुणी दिसत नाही म्हणून लिहिते. आमच्या दिरांची एर्टिगा आहे आणि कुटुंबाच्या ट्रिपला तिसऱ्या रांगेत कोण बसणार तर "वहिनी तुम्ही बारीक आहात ना" असं म्हणून ती जागा माझी ठरलेली आहे.

तर मागच्या रांगेचं खरं काय ते ऐका. डोक्याला जागा आहे, मी पाच फूट दोन इंच, मला छत लागत नाही. गुडघे मात्र वर येतात कारण सीट खाली आणि पायाखालची जमीन उंच, मांडीला आधार नसतो. मधल्या रांगेतल्यांनी सीट थोडी पुढे सरकवली तर पाय बसतात, आणि ती पुढे सरकवायला कुणी तयार नसतं, कारण पुढे बसलेल्या पुरुष माणसाने आपली सीट पार मागे घेतलेली असते. तुमची गाडी कुठलीही असू दे, हे भांडण होणारच.

आमच्या दिरांच्या मॉडेलला एसीचे व्हेंट छताला मधल्या रांगेच्या वर आहेत. ते मधल्यांनी स्वतःच्या तोंडावर वळवले की मागे वारा पोचतो तो कोमट होऊन. मे महिन्यात दुपारी निघालं तर पहिला अर्धा तास मागे भट्टी. शोरूममध्ये मागे बसून दार लावून एसी चालू करून बघा, सेल्समन पुढच्या सीटवर बसायचा आग्रह करेल, ऐकू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागे गाडी लागते. मागच्या चाकाच्या वर बसल्यामुळे प्रत्येक वळण आणि प्रत्येक खड्डा अंगावर येतो, खिडकी छोटी, समोर फक्त सीटच्या पाठी. कुंभार्लीच्या वळणांना तुमची सातवीतली मुलगी मोबाईल बघत मागे बसणार आणि हेळवाकच्या पुढे गेलं की पिशवी मागणार. आवळासुपारी, आलेपाक जवळ ठेवा.

आईंना मागे बसवायचा विचार स्वप्नातही करू नका. वाकून, एक पाय आत टाकून, सीटला धरून शिरावं लागतं, दुखऱ्या गुडघ्यांना ते जमत नाही. मधल्या रांगेत मात्र एर्टिगाइतकी सोयीची गाडी मी पाहिली नाही, दार मोठं, सीट कमरेच्या उंचीला, खाली बसायचंही नाही आणि वर चढायचंही नाही. माझ्या सासूबाई एसयूव्हीत चढताना दाराच्या हँडलला लोंबकळायच्या, एर्टिगात नुसत्या वळून बसतात. मेव्हणे सेडान म्हणताहेत त्यांना सांगा सेडानमधून उठताना म्हाताऱ्या माणसाला हात द्यावा लागतो.

मितभाषी

काकूबाई +१००

घाटमाथा

मेव्हण्याची बाजू मी घेतो. होंडा सिटीसारखी सेडान बघा, ५०६ लिटर डिकी, १२१ पीएस, रस्त्याला चिकटून चालते, हायवेला एर्टिगासारखी वाऱ्याने डुलत नाही. सहा जण वर्षातून तीनदा जाणार. बाकीचे दिवस तुम्ही एकटे हिंजवडीला चार मीटर चाळीसच्या वरची गाडी ओढत नेणार, पार्किंगला जागा शोधणार. त्या तीन ट्रिपना ड्रायव्हरसकट मोठी गाडी भाड्याने घ्या. बारा महिने पोसण्यापेक्षा स्वस्त.

देवरुखकर_चिंचवडी (धागाकर्ता)

@घाटमाथा, गणपतीला भाड्याची गाडी? पुण्यात त्या आठवड्यात भाव काय होतात ते माहितीये ना, आणि तो सोडून परत जातो, गावात पाच-सात दिवस फिरायचं कशाने. तीनदाच जातो असंही नाही, आईबाबांचे दवाखाने, लग्नं, सासुरवाडी सातारा, महिन्यातून एकदा तरी पाचच्या वर माणसं होतातच. आणि ५०६ लिटर डिकी असली तरी सहावं माणूस डिकीत बसत नाही :)

लांबी मात्र मोजून आलो, आमचं पार्किंग पिलर ते पिलर, एर्टिगा ४४३५ बसते, कॅरेन्स ४५४० ला शेजाऱ्याशी बोलावं लागेल.

@हिशेबनीस, महिन्याला नऊशे ते अकराशे.

@काकूबाई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली मागे कोण बसणार ते आधी ठरव मग गाडी.

स्टार_मोजणारा

एवढे प्रतिसाद झाले आणि सेफ्टीचा स सुद्धा नाही. जुलै २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपने (गाड्या आदळवून सुरक्षेचे स्टार देणारी संस्था) भारतात बनलेली, आफ्रिकेत विकली जाणारी एर्टिगा आदळली, मोठ्यांसाठी १ स्टार, मुलांसाठी २. बॉडी शेल म्हणजे गाडीचा सांगाडा अस्थिर असा शेरा. २०१९ ला हिलाच ३ मिळाले होते पण ते जुने, सोपे नियम होते. कॅरेन्सला २०२४ ला नव्या नियमांनी मोठ्यांसाठी ३. मारुतीच्याच डिझायरला त्याच वर्षी ५ मिळाले, म्हणजे त्याच कंपनीला जमतं, या गाडीला दिलेलं नाही. सहा जणांचं अख्खं कुटुंब ज्या गाडीत बसणार तिथे १ स्टार मला तरी चालला नसता.

सीएनजीवाला_नाशिक

ती टेस्ट दोन एअरबॅगवाल्या गाडीची होती, आता सगळ्या व्हेरियंटला सहा आहेत.

स्टार_मोजणारा

एअरबॅग वाढवल्याने शेल मजबूत होत नाही साहेब. पण ठीक आहे, दोनपेक्षा सहा बऱ्याच, आणि मांडीवरच्या मुलापेक्षा बेल्टमधलं मूल कुठल्याही गाडीत जास्त सुरक्षित, हे मान्य. त्या हिशोबाने धागाकर्त्यांची आत्ताची हॅचबॅक सगळ्यात धोक्याची आहे.

म्हणून स्टारपेक्षा कामाचं सांगतो. १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या १९४ब कलमाखाली हजार रुपये दंड आहे, दंड जाऊ दे, पाच वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा बेल्ट गळ्यावर येतो. चाइल्ड सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हूक मधल्या रांगेच्या कडेच्या जागांना असतात. आता गंमत बघा. ती सीट डावीकडे बसवली तर तिसऱ्या रांगेत जायचं दार बंद झालं, कारण मागे शिरायला तीच सीट दुमडावी लागते. म्हणून सीट उजवीकडे, ड्रायव्हरच्या मागे, आणि चढ-उतार डावीकडून फुटपाथच्या बाजूने. मग मधल्या रांगेत मुलगा उजवीकडे, आई डावीकडे, बाबा मध्ये आखडून. किंवा बाबा पुढे, आणि तुमच्या मिसेस किंवा तुम्ही मुलीबरोबर मागे. शोरूमला जाताना चाइल्ड सीट घेऊन जा, शेजाऱ्याची मागून आणा, आणि मधल्या जागेला पूर्ण तीन पॉइंटचा बेल्ट आहे का तेही तिथेच ओढून बघा.

गॅरेजवाला_दादा_सातारा

सगळ्या गाड्या आमच्याकडं येतात म्हणून थोडं बोलतो. एर्टिगाचं इंजिन साधं आहे, टर्बो नाही काही नाही, पार्ट कुठल्याही तालुक्याला मिळतो, टॅक्सीवाले लाख लाख किलोमीटर उगाच चालवत नाहीत. डिझेल चांगलंच आहे पण बीएस सहाच्या (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) डिझेलला धूर गाळायचा फिल्टर आहे, रोज गर्दीत दहा-बारा किलोमीटर हळूहळू चालवली तर तो भरत जातो, अधूनमधून हायवेला पळवायला लागते. हिंजवडीच्या माणसाला मी डिझेल सांगणार नाही.

मॅन्युअल घेतलीत आणि रोज त्या गर्दीत अर्ध्या क्लचवर पाय ठेवलात तर क्लच लवकर जातो, हे सगळ्याच गाड्यांचं. एर्टिगाचा ऑटोमॅटिक हा सहा गियरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे, छोट्या गाड्यांतला एएमटी (मॅन्युअल गियरबॉक्सच, फक्त क्लच-गियर यंत्र बदलतं) नाही, त्यामुळं चढावर धक्के नाहीत, मागं घसरायची भीती कमी. स्टिअरिंगच्या मागं पॅडल आहेत, घाट उतरताना डी वर टाकून ब्रेक तापवत बसू नका, पॅडलनं दुसऱ्यात आणा, इंजिनच गाडी धरतं. चढताना पण दुसऱ्यातच ठेवा नाहीतर वर खाली गियर बदलत बसतो तो.

भरली की मागून बसते, ते खरं आहे. सहा माणसं म्हणजे चारशे किलोच्या घरात, त्यात तुमचा तांदूळ. स्पीड ब्रेकर तिरका घ्यायचा. टायर १८५/६५ आर १५ आहेत, या वजनाला बारीकच वाटतात, हवा कमी असली की घाटात गाडी लोळते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीला स्टिकर असतो, त्यात भरलेल्या गाडीची हवा वेगळी लिहिलेली असते, मागच्या टायरला जास्त. दहातले नऊ जण ते वाचत नाहीत.

हिशेबनीस

महिन्याला हजार रनिंग आणि डिकी हवी, म्हणजे सीएनजी बाद. मारुतीची एक्सएल६ पण बघा मग, गाडी तीच, मध्ये दोन वेगळ्या खुर्च्या, सहाच सीटा, आणि मधून वाट असल्यामुळे मागे जायला सीट दुमडायला नको.

काकूबाई

एक्सएल६ मध्ये आई, बाबा आणि चाइल्ड सीट यातलं कुणीतरी एक मागे जाणार किंवा बाबा पुढे. ते चालत असेल तर चांगली आहे. तो मधला रस्ता मुलांना फार आवडतो, चालत्या गाडीत इकडून तिकडे करतात, बेल्ट लावून ठेवा.

टॉर्क_प्रेमी_कोल्हापूर

सगळे मिळून माझं डिझेल पाडलं. ठीक आहे. पण एकदा चालवून बघ भावा, मग ऑटोमॅटिक पेट्रोल घेऊन घाटात ओव्हरटेक करताना माझी आठवण येईल.

देवरुखकर_चिंचवडी (धागाकर्ता)

अपडेट. रविवारी सगळ्यांना घेऊन गेलो. पहिल्या शोरूमने सहा जणांना टेस्ट ड्राइव्ह द्यायलाच नकार दिला, "सर दोघंच बसा", मग दुसरीकडे गेलो. तिथल्या पोराने बिचाऱ्याने गाडी दिली आणि स्वतः रिक्षाने मागून येतो म्हणाला, शेवटी बाबाच शोरूममध्ये चहा पीत थांबले.

कॅरेन्स डिझेल चालवली. टॉर्कभाऊ, ओढ कळली, खोटं बोलणार नाही. आत जास्त भारी वाटते, मधली सीट एका बटणावर दुमडते आणि मागे जाणं एर्टिगापेक्षा सोपं. पण हवं ते डिझेल व्हेरियंट बजेटच्या बऱ्यापैकी वर, ऑटोमॅटिक तर विषयच नको, आणि पार्किंगचा शेजारी म्हणजे आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी.

एर्टिगा ऑटोमॅटिक बायकोने चालवली आणि तिथेच तिचं ठरलं. मी मागे बसलो होतो मुलीबरोबर. साडेपाच फुटाचा माणूस अर्धा तास बसतो, दोन तास नाही. तेव्हा मागची रांग आम्ही दोघं आलटून पालटून, एकाने चालवायचं आणि पाटणला बदली. बाबा पुढे, आई डावीकडे, मुलगा उजवीकडे चाइल्ड सीटमध्ये, आईच्या शेजारी मध्ये पाण्याच्या बाटल्या आणि डबे. मुलगी मागे, मोबाईल बंद, आलेपाक चालू.

स्टारवाल्यांचा मुद्दा डोक्यात आहे. बाबांनी स्वतःच विषय काढलाय की गणपतीला आम्ही दोघं पनवेलहून कोकण रेल्वेने संगमेश्वरला येतो, तुम्ही चौघं सामान घेऊन या. रिझर्व्हेशन साठ दिवस आधी उघडतं आणि काही मिनिटांत संपतं, मिळालं तर मिळालं. मिळालं तर तिसरी सीट पाडून ५५० लिटर डिकी, कॅरियरचा खर्च वाचला.

पेट्रोल ऑटोमॅटिक बुक करतोय. रंगावरून घरात अजून एकमत नाही.

घाटमाथा

म्हणजे सात सीटर घेऊन चौघं जाणार आणि मागची सीट पाडणार. मेव्हण्याला कळवा.

देवरुखकर_चिंचवडी (धागाकर्ता)

तो धागा वाचतोय :(

हलके_घ्या

पांढरी नको हो.

गॅरेजवाला_दादा_सातारा

अभिनंदन. डिलिव्हरी दिवसाच्या उजेडात घ्या, गाडी कुठल्या महिन्यात बनली ते विचारून घ्या, स्टेपनी आणि जॅक हाताने काढून बघा. पहिली सर्व्हिस होईपर्यंत भरून घाट नको. आणि कुंभार्ली चढून आल्यावर साताऱ्यात थांबणार असाल तर हवा चेक करून देतो, पैसे नको, एक फणस चालेल.